टीपी माझेम्बे : तांब्याच्या शहराचा फुटबॉल संघ

टीपी माझेम्बे हा काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेय कोपऱ्यातला, लुबुंबाशी शहराचा व्यावसायिक फुटबॉल क्लब आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख, बोधचिन्हावर मगर आणि चाहत्यांनी दिलेले 'कावळे' हे नाव ही त्याची ओळख. आफ्रिकेतील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा त्याने पाच वेळा जिंकली : १९६७, १९६८, २००९, २०१० आणि २०१५. यातल्या शेवटच्या विजयाच्या वेळी संघात काँगोच्या खेळाडूंबरोबर झांबिया, टांझानिया, घाना, माली आणि आयव्हरी कोस्ट या देशांचे खेळाडू होते. परदेशी खेळाडूंची अशी भरती एखाद्या धनाढ्य मालकाची हौस म्हणून पाहिली जाते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण लुबुंबाशीचा इतिहास पाहिला, की दूरदूरच्या माणसांना बोलावून कामाला लावणे ही या शहराची मूळचीच रीत असल्याचे दिसते. फुटबॉल त्या रीतीत मागाहून सामील झाला.

शहर वसले ते तांब्यासाठी. १९०६ साली 'युनियन मिनिएर द्यु ओ-कातांगा' ही बेल्जियन खाण कंपनी स्थापन झाली. १९१० मध्ये दक्षिणेकडून, म्हणजे ऱ्होडेशियातून, आलेला लोहमार्ग इथे पोचला आणि त्याच वर्षी एलिझाबेथव्हिल या नावाने शहराची आखणी झाली. बेल्जियन काँगोची राजधानी इथून दीड हजार किलोमीटरहून दूर होती, ऱ्होडेशिया मात्र दाराशी. सुरुवातीच्या काळात खाणींना मजूर पुरेनात, म्हणून कंपनीने आजच्या झांबियातून, पश्चिमेकडच्या कासाई प्रांतातून आणि पुढे रुआंडा-उरुंडीतूनही माणसे आणली. बेंबा भाषा बोलणारे लोक तर सीमेच्या दोन्ही बाजूंना होते. रेषा युरोपियनांनी ओढली होती आणि कामाच्या शोधात निघालेला माणूस ती सहज ओलांडत होता. या सगळ्यांच्या बोलचालीसाठी स्वाहिलीचा एक स्थानिक अवतार रुळला. आजही शहराची व्यवहारभाषा तीच आहे.

१९२०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीने धोरण बदलले. थोड्या महिन्यांच्या कराराने मजूर आणण्यापेक्षा त्यांना बायका-मुलांसह कंपनीच्या वस्तीत स्थायिक करणे तिला परवडू लागले. मग घर, शिधा, दवाखाना आणि शाळा आली, आणि शाळा म्हणजे मिशनरी आलेच. वसाहतीचे सरकार, कॅथलिक चर्च आणि खाण कंपनी या तिघांनी मिळून मजुराचा दिवस तर आखून दिलाच, त्याच्या फावल्या वेळावरही नजर ठेवली. दारू, नाच आणि संध्याकाळच्या बैठका यांपेक्षा फुटबॉल बरा, असे गोऱ्या अधिकाऱ्यांचे आणि पाद्र्यांचे एकमत होते. शिस्त लागते, अंग थकते आणि गर्दी एका जागी राहते.

याच वातावरणात १९३९ साली संघाचा जन्म झाला. सेंट बोनिफेस संस्था चालवणाऱ्या बेनेडिक्टाइन पाद्र्यांनी, धर्मगुरू होणार नाहीत अशा विद्यार्थ्यांच्या विरंगुळ्यासाठी संघ काढला आणि त्याला बालवीरांचा संरक्षक संत जॉर्ज याचे नाव दिले. शहराचा दुसरा मोठा संघ, सेंट एल्वा लुपोपो, हाही १९३९चाच. तो रेल्वे कामगारांचा. त्याच्या चाहत्यांना आजही 'रेल्वेवाले' म्हणतात. माझेम्बे विरुद्ध लुपोपो हा सामना लुबुंबाशीत वर्षाचा सण असतो आणि काही घरांत वर्षाचे भांडणही. एका शहरात, एकाच वर्षी, एक संघ शाळेतून आणि एक रुळांवरून निघाला, यावरून या शहरात फुटबॉल कोणाच्या आधाराने वाढला ते कळते.

मात्र मैदानात गर्दी जमवण्याची ही युक्ती मालकांच्या मनाप्रमाणेच चालली असे नाही. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची मागणी वाढली, कामाचा ताण वाढला, महागाई वाढली आणि मजुरी मात्र अडली. डिसेंबर १९४१ मध्ये खाणकामगारांनी संप केला. ९ डिसेंबरला एलिझाबेथव्हिलच्या फुटबॉल मैदानात संपकरी जमले असताना त्यांचा पुढारी लेओनार म्पोई याला गोळी घालण्यात आली आणि नंतर सैनिकांनी जमावावर गोळीबार केला. डझनावारी माणसे मेली. फुटबॉलच्या इतिहासात या दिवसाची नोंद क्वचितच सापडते, पण हे शहर आणि त्याची मैदाने समजून घ्यायची तर ती वगळता येत नाही.

१९४४ मध्ये संघाचे नाव सेंट पॉल झाले. पुढे शाळेबाहेरचे खेळाडू येऊ लागले तसे पाद्र्यांनी अंग काढून घेतले, आणि पाद्र्यांची जागा कारखानदाराने घेतली. एंगलबर्ट ही बेल्जियममधील लिएज शहराची टायर कंपनी. १९५०च्या दशकात फेरारीच्या शर्यतीच्या गाड्याही तिच्या टायरवर धावत. तिच्या पैशांबरोबर तिचे नावही संघाला चिकटले आणि सेंट पॉलचा 'एफसी एंगलबर्ट' झाला. संताचे नाव जाऊन टायरचे नाव येण्याला जेमतेम काही वर्षे लागली.

३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि अकराच दिवसांनी मोइझ चोंबे या पुढाऱ्याने हे शहर ज्यात होते तो कातांगा प्रांत वेगळा झाल्याचे घोषित केले. या बंडामागे खाण कंपनीचे बळ होते. ते मोडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या फौजा आल्या, त्यांत भारताचीही मोठी तुकडी होती. ५ डिसेंबर १९६१ रोजी याच एलिझाबेथव्हिलमधल्या लढाईत गुरखा रायफल्सचे कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. भारतीय वाचकाच्या कानावर या शहराचे नाव पडले असेल तर बहुधा या प्रसंगामुळे. जानेवारी १९६३ मध्ये बंड संपले. १९६५च्या अखेरीस मोबुटू हा हुकूमशहा सत्तेवर आला, १९६६ मध्ये एलिझाबेथव्हिलचे लुबुंबाशी झाले आणि लवकरच खाणी सरकारी झाल्या.

त्याच १९६६ मध्ये एंगलबर्टने एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि आपल्या नावामागे 'तू पुइसाँ', म्हणजे सर्वशक्तिमान, ही फ्रेंच बिरुदावली लावली. टीपी ही अक्षरे तिथून आली. हा नुसता तोरा नव्हता. १९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षे हा संघ आफ्रिकेच्या अंतिम सामन्यात पोचला. १९६७ मध्ये घानाच्या असांते कोटोकोशी दोन्ही सामने बरोबरीत सुटले, १-१ आणि २-२. निर्णायक सामना कॅमेरूनमधील याउंदे इथे ठरला. कोटोकोचा संघ तिथे आलाच नाही, कारण घानाच्या फुटबॉल संघटनेने निरोपच पोचवला नव्हता. करंडक एंगलबर्टला मिळाला. असा विजय मनाला पुरता पटत नाही. पण पुढच्या वर्षी टोगोच्या एत्वाल फिलांतला पहिल्या सामन्यात ५-० ने हरवून संघाने ती कसर भरून काढली. १९६९ मध्ये इजिप्तच्या इस्माइलीने आणि १९७० मध्ये त्याच कोटोकोने एंगलबर्टला हरवले. लागोपाठ दोनदा आफ्रिकेचे विजेतेपद मिळवण्याचा मान नंतर साडेतीन दशकांहून अधिक काळ कोणाला मिळाला नाही. २००४ मध्ये नायजेरियाच्या एन्यिंबाने तो मिळवला.

या पहिल्या वैभवकाळाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे : संघ काँगोच्याच खेळाडूंचा होता आणि तो तसा राहण्यामागे सरकारी बडगा होता. मोबुटूने बेल्जियममध्ये खेळणाऱ्या काँगोच्या खेळाडूंना परत बोलावले आणि देशातल्या खेळाडूंना परदेशी व्यावसायिक क्लबांत जायला बंदी घातली. त्याचा फायदा राष्ट्रीय संघाला झाला तसा एंगलबर्टलाही. १९६८ मध्ये काँगोने आफ्रिकी राष्ट्रांचा करंडक जिंकला, तेव्हा घानाविरुद्धच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल एंगलबर्टच्या पिएर कलाला याने केला. १९७३ मध्ये बचावपटू ब्वांगा त्शिमेन आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९७४ मध्ये झाईर, म्हणजे तेव्हाचे काँगो, सहाराच्या दक्षिणेकडून विश्वचषकाला गेलेला पहिला देश होता. गोलरक्षक काझादी आणि बचावपटू म्वेपु इलुंगा याच क्लबचे. युगोस्लाव्हियाने झाईरवर नऊ गोल चढवले. पुढे ब्राझीलला फ्री किक मिळालेली असताना म्वेपुने भिंतीतून धावत येऊन चेंडू स्वतःच लाथाडला. पाश्चात्त्य दूरचित्रवाणीवर ती चित्रफीत वर्षानुवर्षे विनोद म्हणून दाखवली गेली. प्रत्यक्षात तो संघ ठरलेले पैसे न मिळालेला आणि हुकूमशहाच्या माणसांनी धमकावलेला होता. त्या चित्रफितीला हसणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते.

मोबुटूच्या 'अस्सलपणा'च्या मोहिमेत माणसांची ख्रिस्ती नावे गेली, देशाचे झाईर झाले, कातांगाचे शाबा झाले आणि एंगलबर्टचे माझेम्बे. नाव बदलले तरी जोर काही काळ टिकला. १९८० मध्ये आबिजानच्या आफ्रिका स्पोर्ट्सला दोन्ही सामन्यांत हरवून संघाने आफ्रिकेचा करंडक विजेत्यांचा चषक पटकावला. मग घसरण सुरू झाली. १९७०च्या दशकाच्या मध्यालाच तांब्याचा भाव कोसळला होता. सरकारी खाण कंपनी जेकामिन १९८०च्या दशकात वर्षाला चार लाख टनांहून अधिक तांबे काढत असे. दहा वर्षांत हे उत्पादन दशांशाखाली आले. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कातांगातून कासाईच्या लोकांना हुसकावून लावण्यात आले. पिढ्यानपिढ्या इथे राबलेली कुटुंबे रेल्वे स्थानकांत आणि मालगाड्यांत अडकून पडली. ज्या शहराने माणसे गोळा केली होती तेच आता माणसे बाहेर फेकत होते. अशा शहराचा फुटबॉल संघ वर राहील, अशी अपेक्षाच चुकीची. १९८७ नंतरचे माझेम्बेचे पुढचे राष्ट्रीय विजेतेपद २०००चे आहे.

१९९७ मध्ये मोइझ कातुंबी क्लबचा अध्यक्ष झाला. त्याचे घराणेच या प्रदेशाच्या सरमिसळीचा नमुना म्हणता येईल : वडील ऱ्होड्स बेटावरून आलेले ज्यू, आई इथल्या राजघराण्याशी नाते असलेली, जन्म झांबियाच्या सीमेवरच्या काशोब्वे गावात. मासळीच्या व्यापारातून आणि पुढे खाणींना सेवा पुरवणाऱ्या कंपनीतून त्याने संपत्ती जमवली. २००७ ते २०१५ तो कातांगाचा गव्हर्नर होता. त्याच सुमारास चीनच्या मागणीमुळे तांब्याचा भाव पुन्हा चढला आणि खाणींत परदेशी भांडवल आले. पैसा, सत्ता आणि क्लब एकाच हातात असणे लोकशाहीला बरे नाही. फुटबॉलला मात्र ते चांगलेच मानवले. खेळाडूंना नियमित आणि भरघोस पगार मिळू लागले, दौऱ्यांसाठी स्वतःचे विमान आले आणि २०११ मध्ये कामालोंडो वस्तीत सुमारे १८,००० प्रेक्षकांचे, कृत्रिम गवताचे स्वतःचे मैदान उभे राहिले.

या पैशाचे पहिले फळ मात्र देशी खेळाडूंच्या जोरावर आले. २००९ मध्ये नायजेरियाच्या हार्टलँडला परक्या मैदानावरील गोलच्या नियमावर मागे टाकून माझेम्बे ४१ वर्षांनी आफ्रिकेचा विजेता झाला. २०१० मध्ये त्याने ट्युनिसच्या एस्पेरांसला लुबुंबाशीत ५-० ने धुतले आणि लागोपाठ दोन विजेतेपदे दुसऱ्यांदा साधली. अशी जोडी दोनदा जमवणारा हा पहिलाच क्लब. त्याच डिसेंबरात अबु धाबीला क्लबांचा विश्वचषक झाला. हुकमी आघाडीपटू त्रेझोर म्पुतु रेफरीवर धावून गेल्याबद्दल वर्षभराच्या बंदीत अडकलेला, त्यामुळे कोणालाच फार आशा नव्हती. सेनेगलचा प्रशिक्षक लामिन न्दिआये, बहुतेक खेळाडू काँगोचे आणि जोडीला झांबियाचे काही, असा तो संघ होता. त्याने मेक्सिकोच्या पाचुकाला १-० आणि ब्राझीलच्या इंटरनासिओनालला २-० हरवले. युरोप आणि दक्षिण अमेरिका सोडून अन्य खंडाचा संघ या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात येण्याची ही पहिलीच वेळ. गोल झाला की गोलरक्षक रोबेर किडियाबा मैदानावर बसून, पाय लांब करून, नुसत्या बुडावर उड्या मारत पुढे सरकायचा. जगाला माझेम्बे कळला तो या उड्यांमुळेच. १८ डिसेंबरला इंटर मिलानने त्यांना ३-० ने हरवले. त्यातला एक गोल कॅमेरूनच्या सॅम्युएल एटोचा होता. आफ्रिकेचा सर्वांत गाजलेला खेळाडू आफ्रिकेच्या संघाविरुद्ध युरोपच्या बाजूने खेळत होता, आणि यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

पुढच्या वर्षी संघाला झटका बसला. २०११च्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे याच सर्वोच्च आफ्रिकी स्पर्धेत, टांझानियाच्या सिम्बा संघाला माझेम्बेने हरवले, पण एस्पेरांसशी करार वादात असलेल्या बेसाला बोकुंगु या खेळाडूला खेळवल्याबद्दल सिम्बाने तक्रार केली आणि गतविजेता स्पर्धेबाहेर गेला. सिम्बाने माझेम्बेला बाहेर काढले खरे, पण त्याच लढतीत उठून दिसलेला सिम्बाचा तरुण आघाडीपटू म्बवाना सामात्ता आणि त्याच संघातला युगांडाचा पॅट्रिक ओचान यांना माझेम्बेने लगेच विकत घेतले. पाठोपाठ टांझानियाचाच थॉमस उलिम्वेंगु आला.

ज्याच्याशी खेळायचे त्याच्यातला चांगला खेळाडू हेरायचा आणि उचलायचा, ही माझेम्बेची पद्धतच झाली. २०१२ मध्ये घानाचा बेरेकुम चेल्सी त्यांच्याच गटात होता; तिथला सोलोमन असांते पुढच्या वर्षी लुबुंबाशीत होता. जुन्या प्रतिस्पर्धी कोटोकोत खेळलेला डॅनिएल नी अजेई आला, यॉ फ्रिम्पाँग आला. मालीहून बचावपटू सालिफ कुलिबाली आणि मधल्या फळीतला बुबाकार दियारा, आयव्हरी कोस्टहून गोलरक्षक सिल्व्हाँ ग्बोउओ आणि आघाडीचा रोजे असाले हेही आले. इतरत्र आफ्रिकी क्लब आपले खेळाडू युरोपला विकून पोट भरतात. इथे एक आफ्रिकी क्लब दुसऱ्या आफ्रिकी क्लबांकडून खेळाडू घेत होता आणि त्यांना ट्युनिस-कैरोच्या तोडीचे पैसे देत होता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असे करू शकणारे क्लब, दक्षिण आफ्रिका सोडली, तर फारच थोडे. घाना आणि मालीच्या खेळाडूंसाठी लुबुंबाशी हे घरापासून हजारो किलोमीटरवरचे परके शहर होते. सामात्ताला मात्र बाजारात आणि ड्रेसिंग रूममध्ये स्वाहिली ऐकू येई, आणि झांबियातल्या किट्वेच्या रेनफर्ड कलाबासाठी तर हे नदीपलीकडच्या गावासारखे, मोटारीने एका दिवसात येऊन-जाऊन होणारे ठिकाण होते.

कलाबा पुढे संघाचा कर्णधार झाला आणि दहा वर्षांहून अधिक काळ इथेच राहिला. त्याच्यामुळे आणि माझेम्बेच्याच स्टोपिला सुंझूमुळे झांबियाच्या सर्वांत मोठ्या विजयातही माझेम्बेचा वाटा आहे. १२ फेब्रुवारी २०१२ रोजी लिब्रव्हिल इथे झांबिया आणि आयव्हरी कोस्ट यांच्यातला आफ्रिकी करंडकाचा अंतिम सामना पेनल्टींवर गेला. १९९३ मध्ये झांबियाचा जवळजवळ सगळा राष्ट्रीय संघ विमान अपघातात मरण पावला होता, तो याच गॅबॉनच्या किनाऱ्याजवळ. कलाबाची पेनल्टी हुकली, आयव्हरी कोस्टच्या जेर्विन्योचीही हुकली आणि मग सुंझूने गोल करून झांबियाला ८-७ असे विजयी केले. लुबुंबाशीत मिळालेल्या पगारावर आणि आफ्रिकेच्या मोठ्या सामन्यांच्या अनुभवावर त्या यशाचा एक भाग उभा होता. काँगोच्या राष्ट्रीय संघाबाबत हिशेब इतका सरळ नाही. परदेशी खेळाडूंनी जागा अडवल्या, ही तक्रार काँगोमध्ये होत आली आहे. तरीही केवळ आपापल्या देशातल्या लीगमध्ये खेळणाऱ्यांसाठीची आफ्रिकी स्पर्धा काँगोने २००९ मध्ये जिंकली आणि २०१६ मध्ये पुन्हा जिंकली, आणि दोन्ही वेळा माझेम्बेचे खेळाडू संघाच्या केंद्रस्थानी होते : आधी म्पुतु आणि किडियाबा, नंतर मेशाक एलिया आणि जोनाथन बोलिंगी.

परदेशी भरतीचे पूर्ण फळ २०१५ मध्ये पदरात पडले. फ्रेंच प्रशिक्षक पॅट्रिस कार्टेरोन याच्या हाताखाली माझेम्बेने अंतिम फेरीत अल्जीरियाच्या यूएसएम अल्जेला गाठले. अल्जीयर्समध्ये कलाबा आणि सामात्ता यांच्या गोलांवर २-१, आणि ८ नोव्हेंबरला लुबुंबाशीत सामात्ता आणि असाले यांच्या गोलांवर २-०. चार गोलांपैकी एक झांबियाचा, दोन टांझानियाचे, एक आयव्हरी कोस्टचा. काँगोच्या खेळाडूचा एकही नाही. शहर जल्लोषात होते आणि हा हिशेब मांडायला त्या रात्री कोणाला फुरसत नव्हती. जानेवारी २०१६ मध्ये सामात्ता आफ्रिकेतच खेळणाऱ्यांपैकी सर्वोत्तम खेळाडू ठरला; हा मान मिळवणारा तो पूर्व आफ्रिकेचा पहिला. त्याच महिन्यात तो बेल्जियमच्या गेंक क्लबकडे गेला आणि २०२० मध्ये अॅस्टन व्हिलाकडून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला टांझानियन झाला.

कातुंबीने सप्टेंबर २०१५ मध्ये गव्हर्नरपद सोडून राष्ट्राध्यक्ष जोसेफ काबिला यांच्याशी उघड वैर घेतले. त्याच वर्षी त्याने खाण कंपनी विकली. २०१६ मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला शिक्षा झाली, आणि मे २०१९ पर्यंत तो देशाबाहेर होता. क्लबचे अध्यक्षपद त्याने दुरूनच सांभाळले. २०१६ आणि २०१७ मध्ये माझेम्बेने आफ्रिकेचा दुय्यम चषक, कॉन्फेडरेशन कप, जिंकला. दुसऱ्या वेळी प्रशिक्षक होता संघाचा जुना कर्णधार पाम्फिल मिहायो. पण महागडे परदेशी खेळाडू एकेक करून निघून गेले आणि त्यांच्या जागी त्याच दर्जाचे आले नाहीत. उत्तर आफ्रिकेच्या क्लबांशी पैशाची स्पर्धा करणे कठीण झाले. २०१९ मध्ये एस्पेरांसने आणि २०२४ मध्ये अल अहलीने चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत माझेम्बेला रोखले.

दरम्यान भर स्वतःच्या अकादमीतून तयार होणाऱ्या मुलांवर आला. जॅक्सन मुलेकासारखी नावे पुढे आली आणि युरोप किंवा अरब देशांतल्या क्लबांकडे गेली; म्हणजे खेळाडू विकत घेणारा क्लब पुन्हा बराचसा विकणारा झाला. क्लबने महिलांचा संघही उभारला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मोरोक्कोत झालेल्या महिलांच्या आफ्रिकी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात या संघाने यजमान देशाच्याच एएस फार संघाला १-० ने हरवले. पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी आफ्रिकेचे विजेतेपद मिळवलेला हा क्लब आता लुबुंबाशीत दोन्ही संघ चालवतो, आणि कातुंबी त्याचा अध्यक्ष आहे.